शर्यतीची भूमि आणि पाणी

१

इंग्लंडांत लिव्हरपूल शहराजवळ एन्ट्री म्हणून स्थान आहे. तेथें ‘ग्रँड नॅशनल’ या नांवाची अडथळ्यांची घोड्यांची शर्यत १८३९ सालापासून होत आली आहे. या शर्यतीच्या नोंदींतील दोन आंकडे आम्ही प्रथम वाचकांपुढें ठेवतों. ७ एप्रिल १९९० रोजीं ‘मिस्टर फ्रिस्क’ या घोड्यानें ही शर्यत ८ मिनिटें ४७.८ सेकंदांत जिंकली. बरोबर अकरा वर्षांनीं, ७ एप्रिल २००१ रोजीं, ‘रेड मरॉडर’ या घोड्यानें तीच शर्यत ११ मिनिटें ०.१ सेकंद इतक्या वेळांत जिंकली. दोन्ही वेळीं स्थान तेंच, तिथि तीच, अंतर सुमारें साडेचार मैल व अडथळे तीस. असें असून दोन विजेत्यांच्या वेळांत सव्वादोन मिनिटांच्या जवळपास अंतर पडलें. ताशीं वेगाच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला घोडा ताशीं सुमारें ४९ किलोमीटर गेला, दुसरा ३९.

हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून कोणी म्हणेल कीं, अकरा वर्षांत इंग्रजांच्या घोड्यांची अवनति झाली, तर तें अनुमान सर्वस्वीं चुकीचें होईल. १९९० सालीं भूमि कोरडी व टणक होती. २००१ सालीं पावसानें तिचा चिखल झाला होता. त्या दिवशीं निघालेल्या चाळीस घोड्यांपैकीं चारच शेवटास पोंचले, आणि त्यांतील दोघांचे स्वार वाटेंत खालीं येऊन पुन्हां घोड्यावर चढले होते. म्हणजे ज्याला आपण ‘घोड्याचा वेळ’ म्हणतों तो वस्तुतः घोडा आणि भूमि या दोघांचा मिळून असतो. भूमीची स्थिति न सांगतां दिलेला वेळ हा मिती नसलेल्या पत्रासारखा आहे. अक्षर खरें असेल, मजकूर खरा असेल, पण त्यावरून काळ ठरवूं गेल्यास फसगत व्हावयाचीच.

भूमीची ही स्थिति दोन गोष्टींनीं पालटते. एक आकाशांतून पडणारें पाणी व दुसरें माणसानें घातलेलें पाणी. पहिल्याचा इतिहास पुरातन आहे व दुसऱ्याचा त्या मानानें अर्वाचीन. या दोहोंचा संबंध कसकसा येत गेला, आणि त्यांतून शर्यतीच्या न्यायाचा व घोड्याच्या जिवाचा प्रश्न कसा उत्पन्न झाला, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत पाहावयाचें आहे.

२

आमच्या प्राचीन वाङ्मयांत शर्यतीस ‘आजि’ व तिच्या सीमास्थानास ‘काष्ठा’ असे शब्द आहेत. वाजपेय यज्ञांतील रथांची धांव प्रसिद्धच आहे. शतपथ ब्राह्मणांत तिचें सविस्तर वर्णन आढळतें. रथ सतरा, आणि धांवेचें अंतर सतरा बाणांच्या टप्प्यांनीं मोजलेलें. रथास जोडण्यापूर्वीं घोड्यांवर पाणी शिंपडण्याचा विधिही तेथें सांगितला आहे. हें पाणी घोड्याकरितां आहे, भूमीकरितां नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. यज्ञांतील धांवेचा निकाल आधींच ठरलेला असतो, यजमानच जिंकावयाचा असतो. तेव्हां तेथें भूमीच्या बऱ्यावाईटाची चर्चा नाहीं, यांत नवल नाहीं. जेथें जयापजय अनिश्चित असतो तेथेंच भूमीकडे बारकाईनें पाहिलें जातें.

भारताबाहेर, आजच्या तुर्कस्थानांतील बोगाझक्यॉय येथें, हित्ती लोकांच्या राजधानीच्या अवशेषांत मृत्तिकेच्या इष्टिकांवर लिहिलेला एक अश्वशिक्षणाचा ग्रंथ सांपडला आहे. त्याचा कर्ता मितन्नी देशचा किक्कुली. ग्रंथाची परंपरा इ. स. पूर्वीं चौदाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. त्यांत घोड्यास मंडलांत फिरविण्याच्या फेऱ्यांना जे पारिभाषिक शब्द आहेत ते ‘एकवर्तन’, ‘पंचवर्तन’, ‘सप्तवर्तन’ या आपल्या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत, हें भाषाशास्त्रज्ञांस विदित आहे. ठराविक मार्गावर मोजून फेऱ्या घालावयाच्या ही कल्पना तेव्हांच रूढ होती, एवढें यावरून निश्चित होतें. मार्ग एकदां ठराविक झाला कीं त्यावर त्याच त्याच टापा पडूं लागतात, आणि मग त्याची निगा हा वेगळा प्रश्न होऊन बसतो.

भूमीचा घोड्याच्या दृष्टीनें स्पष्ट विचार आपल्याकडे कौटिल्यानें केला आहे, तो मात्र शर्यतीसाठीं नव्हे तर युद्धासाठीं. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत पायदळ, अश्व, रथ व हत्ती यांना योग्य भूमि कोणकोणती हें तो सांगतो. रथास सपाट, स्थिर, वाळू व चिखल नसलेली, भेगा न पडलेली भूमि पाहिजे. अश्वास त्याहून थोडी सूट आहे. लहान दगड, झाडें, उडून जातां येतील असे खळगे, थोड्याशा भेगा इतकें त्यास चालतें. नवव्या अधिकरणांत ऋतूचा विचार आहे. पावसाळ्यांत चतुरंग सैन्य न्यावयाचें तर तें रुक्ष, कमी पावसाच्या व कमी चिखलाच्या प्रदेशांत न्यावें, असें तेथें सुचविलें आहे. हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुण्याच्या शर्यतींचा विचार करतांना तो आम्हांस पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

३

पावसानें बिघडलेल्या भूमीमुळें शर्यतीचा निकाल फिरला, असें अतिप्राचीन वर्णन पाहावयाचें तर ग्रीकांच्या इलियड महाकाव्याकडे वळलें पाहिजे. त्याच्या तेविसाव्या सर्गांत पात्रोक्लसाच्या अंत्यविधीच्या निमित्तानें रथांची शर्यत होते. नेस्तोराचा तरुण पुत्र अंतिलोखस याचे घोडे मंद, मेनेलाउस राजाचे घोडे वेगवान्. मार्गांत एके ठिकाणीं हिवाळ्याच्या पावसाचें पाणी सांचून रस्त्याचा एक भाग वाहून गेला होता व तेथें घळ पडून वाट अरुंद झाली होती. नेमकें तेथेंच अंतिलोखसानें आपला रथ बाजूनें दामटला. टक्कर होऊन दोघेही पडतील या भयानें मेनेलाउसानें लगाम खेंचले, आणि तो मागें पडला.

शर्यत संपल्यावर मेनेलाउसानें भर सभेंत तक्रार केली. कपटानें वाट अडविली नाहीं अशी शपथ घे, असें त्यानें अंतिलोखसास सांगितलें. अंतिलोखसानें शपथ न घेतां जिंकलेली घोडी देऊं केली, व राजानें प्रसन्न होऊन ती त्यालाच परत दिली. कथा काव्यांतील आहे हें खरें. पण तिच्यांतील मुद्दा पूर्ण व्यावहारिक आहे. पाण्यानें भूमि सर्वत्र सारखी बिघडत नाहीं, एखाद्या ठिकाणीं अधिक बिघडते, आणि ज्याला ती जागा ठाऊक असते त्याला लाभ होतो. आजच्या शर्यतींतील पुष्कळशा वादांचें मूळ या एका वाक्यांत सांगतां येतें. होमराच्या शर्यतींत मात्र त्या घळीबद्दल कोणासही जबाबदार धरलेलें नाहीं. पाऊस देवाचा, घळ पावसाची.

रोमन लोकांनीं पाऊल पुढें टाकलें. पॅलाटाइन व ॲव्हेंटाइन या दोन टेंकड्यांमधील दरींत त्यांचें ‘सर्कस मॅक्सिमस’ हें रथांच्या शर्यतीचें भव्य मैदान होतें. लांबी सुमारें ६०० मीटर. दरीचा तळ मुळांत ओहोळाचा व पाणथळ, म्हणून प्रथम पाण्यास वाट काढून देणें भाग पडलें. तळावर वाळू पसरलेली असे. मध्यभागीं लांबच लांब ओटा व त्यावर पाण्याचीं कुंडें होतीं. रंगीत खड्यांनीं काढलेल्या तत्कालीन चित्रांत हातीं पाण्याचें भांडें घेतलेले सेवक धांवत्या रथांजवळ दिसतात. त्यांना ‘स्पार्सोर’, म्हणजे शिंपडणारे, म्हणत. हें पाणी धुळीवर, घोड्यांच्या तोंडावर कीं तापलेल्या चाकांवर, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. कालिगुला बादशहानें तर शेंदरी व हिरव्या खनिजांचें चूर्ण मैदानावर पसरविल्याचें त्याच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. तो केवळ वैभवाचा डौल होता. पण एक गोष्ट सिद्ध होते. शर्यतीची भूमि ही जशी सांपडेल तशी न घेतां माणसानें तयार करावयाची वस्तु आहे, ही कल्पना रोमन काळीं रुजली.

४

आतां भूमीवर पाण्याचा परिणाम नेमका काय होतो तें पाहूं. याला आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेंत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलाची राहिलेली नाहीं आणि वाळून ढेंकळेंही झालेलीं नाहींत, अशा मधल्या अवस्थेस वाफसा म्हणतात. औत घालावयाचें तें याच वेळीं. शर्यतीची उत्तम भूमि म्हणजे वाफशावर असलेली भूमि होय.

चिकणमातीच्या कणांमध्यें पाणी अधिक झालें कीं ते एकमेकांवरून घसरूं लागतात. टाप खोल रुतते. रुतलेली टाप उपसण्यास प्रत्येक पावलाला अधिक बळ खर्चावें लागतें, आणि मागें रेटा देतांना माती सरकते. म्हणून जड भूमींत घोड्याचा वेळ वाढतो व दमसास असलेल्या घोड्याची सरशी होते. उलट, माती वाळली कीं तिचे कण घट्ट धरतात. टाप रुतत नाहीं, वेग वाढतो, पण आघात मात्र पायाच्या हाडांस व कंडरांस सोसावा लागतो. शर्यतीच्या घोड्याचें वजन साडेचारशें ते पांचशें किलो असतें. भरधांव पळतांना पुढच्या एकेका पायावर त्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार क्षणभर येतो. तो भार भूमि किती पोटांत घेते यावर घोड्याचा पाय टिकणें न टिकणें बरेंचसें अवलंबून असतें.

वाळूची गोष्ट आणखी निराळी आहे. कोंकण किनाऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येकाच्या ती अनुभवाची आहे. वरची कोरडी वाळू पायाखालून निसटते, भरतीच्या रेषेजवळची ओली वाळू टणक असते, आणि अगदीं पाण्यांतली पुन्हां पाय ओढूं लागते. कोरड्या कणांमध्यें धरून ठेवणारें कांहीं नसतें, थोडें पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतें, व पाणी पूर्ण भरलें कीं ती ओढ नाहींशी होते. अमेरिकेंत मुख्यत्वें वाळूमिश्रित मातीच्या मार्गावर शर्यती होतात. तेथें पाणी कमी पडलें तरी भूमि बिघडते आणि अधिक झालें तरी बिघडते.

हिरवळीच्या मार्गावर तिसरा घटक मुळांचा. गवताचीं मुळें मातीस जाळ्यासारखीं बांधून ठेवतात. फार दिवस थोडें थोडें पाणी वरच्यावर शिंपीत गेल्यास मुळें वरच राहतात व टापेसरशीं हिरवळीचीं ढलपीं उडतात. क्वचित् पण भरपूर पाणी दिल्यास मुळें खालीं उतरतात. याशिवाय खालच्या थराचा प्रभाव असतोच. इंग्लंडांतील एप्सम व न्यूमार्केट येथील माळाखालीं खडूचा दगड आहे, तो पाणी लवकर खालीं सोडतो. आमच्या दख्खनची काळी जमीन याच्या अगदीं उलट. पाणी पिऊन ती फुगते, तें धरून ठेवते, आणि उन्हाळ्यांत तिला हात हातभर भेगा पडतात.

५

भूमीच्या या अवस्थांना इंग्रजांनीं शर्यतीच्या परिभाषेंत नांवें ठेविलीं. टणक, चांगली, मऊ, जड आणि त्यांमधल्या पायऱ्या. एके काळीं हा निर्णय मैदानाच्या अधिकाऱ्याच्या काठीवर व टांचेवर असे. तो मार्गावरून चालत जाई, काठी टोंचून पाही, आणि एक शब्द सांगे. तो शब्द अनुभवाचा असला तरी माणसागणिक फिरणारा होता. दोन मैदानांवरील ‘चांगली’ भूमि एकच असेल अशी खात्री नव्हती.

म्हणून मापनाची साधनें आलीं. फ्रान्समध्यें ठराविक वजन ठराविक उंचीवरून पाडून सळई जमिनींत किती शिरते तें मोजतात. आंकडा लहान तर भूमि टणक, मोठा तर मऊ. इंग्लंडांत क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या साहाय्यानें तयार झालेली मापन-काठी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रचारांत आली. ती दोन गोष्टी मोजते, जमिनींत शिरण्यास लागणारें बळ आणि शिरल्यावर कलती करण्यास लागणारें बळ. पहिलें टापेच्या आघातासंबंधीं, दुसरें टापेच्या रेट्यासंबंधीं. ऑस्ट्रेलियांत २०१४ च्या अखेरीस एक ते दहा असे अंक ठरविण्यांत आले. एक-दोन टणक, तीन-चार चांगली, पांच ते सात मऊ, आठ ते दहा जड.

इतिहासाच्या दृष्टीनें या साधनांचें महत्त्व असें कीं, त्यांच्यामुळें भूमीची स्थिति ही प्रथमच दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या वर्षीं ताडून पाहतां येईल अशी नोंद झाली. त्यापूर्वींच्या नोंदींत शब्द आहेत, आणि शब्दांचा अर्थ लावतांना तो कोणी, कोठें, कोणत्या ऋतूंत वापरला याचा विचार संशोधकानें केलाच पाहिजे.

६

आतां सिंचनाकडे वळूं. प्रथम प्रमाण लक्षांत यावें म्हणून एक सोपें गणित करतों. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मार्ग २,४०० मीटर लांब व २५ मीटर रुंद धरला तर क्षेत्र ६०,००० चौरस मीटर होतें. त्यावर दहा मिलिमीटर पाणी घालावयाचें म्हणजे सहा लाख लिटर पाणी लागेल. उष्ण व कोरड्या दिवसांत चार-पांच मिलिमीटर पाणी एका दिवसांत उडून जाऊं शकतें. याचा अर्थ असा कीं हें सहा लाख लिटर पाणी दोन-तीन दिवसांचीच बेगमी आहे.

इंग्लंडांतील नियामक मंडळाचा संकेत असा आहे कीं, सपाटीवरच्या शर्यतींसाठीं भूमि ‘चांगली ते टणक’ अशी राखण्याचा प्रयत्न करावा, आणि अडथळ्यांच्या शर्यतींसाठीं ती ‘चांगली’हून अधिक टणक नसावी. हेतु उघड आहे. अडथळ्यावरून खालीं येणाऱ्या घोड्याचा आघात मोठा, पडणाऱ्या स्वारास धोका मोठा. येथवर सर्वांचें एकमत होईल. वादाचें मूळ पुढें आहे.

पाणी घालावयाचें तें शर्यतीच्या एक-दोन दिवस आधीं घालावें लागतें, आणि तें घालतांना आकाशाचा अंदाज करावा लागतो. अधिकाऱ्यानें पाणी घातलें आणि मागाहून अवचित पाऊस झाला तर भूमि दुप्पट भिजते. पाणी घातलें नाहीं आणि आभाळ कोरडें राहिलें तर ती दगडासारखी होते. दोन्ही बाजूंनीं दोष त्याच्याच माथीं. शिवाय प्रत्येक घोड्याची प्रकृति निराळी असते. २०१५ सालच्या डर्बीचा विजेता ‘गोल्डन हॉर्न’ हा त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ॲस्कट येथील ‘किंग जॉर्ज’ शर्यतींत उतरणार होता. पावसानें भूमि मऊ झाली म्हणून ऐन वेळीं त्यास काढून घेण्यांत आलें. हें पाऊस पडून झालें म्हणून सर्वांनीं निमूट मान्य केलें. हीच भूमि नळाच्या पाण्यानें मऊ झाली असती तर मालकांनीं व पैज लावणारांनीं केवढा गवगवा केला असता, याची कल्पना वाचकांनींच करावी.

दुसरा दोष असमानतेचा. वाऱ्यानें फवारा एका अंगास झुकतो, प्रेक्षकांच्या सज्ज्याची सांवली पडते तेथें ओल टिकते, वळणावर आंतली कड पूर्वींच्या टापांनीं खणलेली असते. अशा वेळीं चिठ्ठींत ज्याला कोरड्या बाजूची जागा मिळाली तो अर्धी शर्यत सुटण्यापूर्वींच जिंकतो. अंतिलोखसाची घळ ती हीच, फक्त आतां ती पावसानें न पाडतां माणसानें पाडलेली असते.

तिसरी गोष्ट डोळ्यांस न दिसणारी. सप्टेंबर १९८९ मध्यें डॉन्कास्टर येथें शर्यत चालू असतां तीन घोडे पडले. हिरवळीखालीं जमीन पोकळ होऊन खचली होती. वरून मार्ग हिरवागार व समतल दिसत होता. पुढील शर्यती रद्द झाल्या, आणि १७७६ पासून चालत आलेली ‘सेंट लेजर’ ही प्रतिष्ठित शर्यत त्या वर्षीं स्कॉटलंडांतील एअर येथें न्यावी लागली. भूमीची परीक्षा केवळ पृष्ठभागावरून होत नाहीं, हा धडा त्यावरून सर्वांस मिळाला.

७

या सर्व विचाराचें उत्कृष्ट उदाहरण आपल्या घरचेंच आहे, तें म्हणजे मुंबई व पुणें येथील शर्यती. मुंबईस प्रथम भायखळ्यास शर्यती होत. पुढें महालक्ष्मी येथील मैदान १८८३ सालीं सिद्ध झालें. ही भूमि मूळची समुद्राच्या भरतीखालीं जाणारी. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार हॉर्नबीच्या बांधानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बुजविण्यांत आलें, तेव्हां आंतला सखल भाग कोरडा पडूं लागला. म्हणजे पाणी अडविल्यामुळेंच जी भूमि निर्माण झाली तिच्यावर आज पाणी घालून शर्यती कराव्या लागतात, हा एक मोठा चमत्कारिक योग आहे.

मुंबईस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळीं तेथील सखल मैदानावर शर्यत करणें शक्य नाहीं. म्हणून मुंबईचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, व पुण्याचा हंगाम जुलैपासून ऑक्टोबरच्या सुमारापर्यंत, अशी वांटणी रूढ आहे. पुणें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें तेथें वर्षाचा पाऊस सुमारें सातशें मिलिमीटर, आणि तोही बहुधा झिमझिम पडणारा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळा पुण्यास काढीत. गणेशखिंडींतील त्यांचें निवासस्थान, ज्या वास्तूंत पुढें पुणें विद्यापीठ आलें, याची साक्ष देतें. सरकार, त्याचा परिवार व घोडे यांचा मार्ग असा एकच झाला. वर्षाकाळीं कमी पावसाच्या व कमी चिखलाच्या प्रदेशांत जावें, हा कौटिल्याचा नियम गोऱ्या अंमलदारांनीं वाचला नसेल, पण पाळला मात्र तंतोतंत. मराठ्यांच्या घोडदळानेंही दसऱ्यापूर्वीं मोहिमेस न निघण्याचा रिवाज याच भूमीच्या धाकानें पाळला होता.

परिणाम असा कीं, एकाच संस्थेच्या हुकमतीखालीं, बहुतांशी त्याच घोड्यांच्या, त्याच स्वारांच्या शर्यती दोन अगदीं भिन्न प्रकारच्या भूमींवर होतात. पुण्यास भूमि आकाशाच्या स्वाधीन असते. एका सरीनें सकाळचा अंदाज दुपारीं खोटा ठरतो. मुंबईस हंगामाच्या बहुतेक काळांत आकाश कोरडें असतें व भूमि सर्वस्वीं माणसाच्या सिंचनाच्या स्वाधीन असते. १९४३ पासून महालक्ष्मीस २,४०० मीटरांची ‘इंडियन डर्बी’ होत आहे. ती हिवाळ्यांत होत असल्यामुळें तिच्या विजेत्यांचे वेळ एकमेकांशीं ताडून पाहणें त्या मानानें सुकर आहे. पुण्याच्या पावसाळी शर्यतींचे वेळ मात्र त्या दिवसाच्या पर्जन्यमानावांचून वाचूंच नयेत. पुण्यांत मागें पडलेला घोडा मुंबईंत पुढें आला तर तो सुधारला असें म्हणण्यापूर्वीं भूमि पालटली हें पाहिलें पाहिजे.

८

येथवर न्यायाचा प्रश्न झाला. शेवटीं जिवाचा. कॅलिफोर्नियांतील सँटा अनीटा येथील मैदान कोरड्या हवेबद्दल प्रसिद्ध. तेथें २०१८-१९ च्या हिवाळ्यांत नेहमींपेक्षां फार पाऊस झाला. पाऊस येण्यापूर्वीं मातीचा मार्ग रुळानें दाबून घट्ट करावयाचा, म्हणजे पाणी आंत न मुरतां वाहून जातें, आणि पावसानंतर तो पुन्हां मोकळा करावयाचा, अशी तिकडील रीत आहे. त्या हंगामांत हें वारंवार करावें लागलें. २६ डिसेंबरपासून मार्च महिन्याच्या आरंभापर्यंत तेथें २१ घोडे मरण पावले, तेव्हां शर्यती थांबवून मार्ग तपासण्यांत आला. मार्चच्या अखेरीस त्या पुन्हां सुरू झाल्या व त्यानंतरही मृत्यु घडले. पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशींत एकच एक कारण निघालें नाहीं. मेलेल्यांपैकीं बहुतेक घोड्यांच्या पायांत आधींपासूनच जुन्या विकाराचीं चिन्हें होतीं, आणि शर्यती पार पाडण्याचा दबाव सर्वांवर होता.

या चौकशीचा अर्थ भूमि निर्दोष होती असा कोणी करील, तर आम्हांस तो मान्य नाहीं. दुखरा पाय चांगल्या भूमीवर कदाचित् निभावतो, वाईट भूमीवर तोच तुटतो. भूमि हें शेवटचें कारण असतें, आणि अनेक कारणांपैकीं नेमकें तेंच माणसाच्या हातांत अधिक असतें. होमराच्या काळीं घळीबद्दल कोणी जाब विचारला नाहीं, तें योग्यच होतें. पण ज्या दिवशीं माणसानें मार्गावर पहिली घागर ओतली त्या दिवसापासून भूमीबद्दल ‘दैव’ हें उत्तर पुरेसें राहिलें नाहीं. घोड्यास बोलतां येत नाहीं व मैदान निवडतां येत नाहीं, म्हणून हा जाब त्याच्या वतीनें इतरांनींच विचारावा लागतो.

हा जाब विचारावयाचा तर नोंद पाहिजे. आमच्या मतें प्रत्येक शर्यतीच्या निकालाबरोबर चार गोष्टी कायमच्या लिहून ठेविल्या पाहिजेत. मागील आठवड्याचा पाऊस, घातलेलें पाणी व तें घातल्याची वेळ, भूमीचें माप आणि तें मार्गावर कोठें कोठें घेतलें तें, व आंतल्या कठड्याची त्या दिवसाची जागा. हें फार कष्टाचें काम नाहीं, आणि यावांचून राहिलेला वेळाचा आंकडा पुढील पिढीस उपयोगाचा नाहीं. जुन्या काळाबद्दल हेंच काम उलट दिशेनें करतां येण्याजोगें आहे. पुणें व मुंबई येथील पर्जन्यमानाच्या नोंदी व तत्कालीन वृत्तपत्रांतील शर्यतींचे वृत्तांत तिथिवार शेजारीं मांडले, तर गेल्या शतकांतील अनेक ‘आश्चर्यकारक’ निकालांचें आश्चर्य कमी होईल, असा आमचा तर्क आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं अशीं वृत्तपत्रें किंवा शर्यतींचीं जुनीं पुस्तकें असतील त्यांनीं त्यांतील भूमीविषयींचे उल्लेख टिपून प्रसिद्ध करावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.